ओटिलीच्या डेकवरून वाट

ओटिली बटाटे सोलत बसली होती तेव्हा हार्बरमास्तरचा फोन आला आणि तो हवापाण्याचं बोलायला लागला. होल्डरनाखचा हार्बरमास्तर हवापाण्याचं बोलायला लागला की समजावं, गड्याच्या घशात काहीतरी अडकलंय.

“पाणी दुसऱ्या खुणेवर गेलंय, ओटिली.”

“मला खिडकीतून दिसतंय.”

“नदी बंद केली आत्ताच. जो जिथे आहे त्याने तिथेच राहायचं.”

“मी कुठे निघालेय? बटाटे सोलतेय.”

“एक बोट मात्र मधेच सापडलीय. मागेही नेता येत नाही, पुढेही सोडता येत नाही. प्रवासी आहेत. ते नाताळचे बाजार बघत हिंडतात ना, त्यातले. न्यूर्नबेर्ग, बांबेर्ग, वुर्झबुर्ग करत आलेत. तुझ्या बाहेरच्या अंगाला बांधावी म्हणतो.”

“बांध की. नदी काय माझ्या बापाची आहे? नाव काय बोटीचं?”

पलीकडे नुसतं खाकरणं.

“अरे नाव सांग. बारसं व्हायचंय का अजून तिचं?”

“ग्लोरिया.”

ओटिलीने सुरी ताटलीत ठेवली. खिडकीबाहेर माइन नदी चहासारखी लाल होऊन धावत होती, झाडाच्या फांद्या, पिंपं, कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं घेऊन.

“मालक आहे का बोटीवर?”

“आहे ना. त्याची नात यंदा आमच्या गावची क्रिस्टकिंड झालीय. आज संध्याकाळी देवदूताचे पंख लावून नगरभवनाच्या गच्चीतून नाताळचा बाजार तीच उघडणार. म्हणून तर मुद्दाम या फेरीला आलाय म्हातारा.”

“असं का?” ओटिली म्हणाली. “मग चांगली घट्ट बांध हो. वाहून जायला नको.”

तिचा आवाज इतका गोड होता, की हार्बरमास्तरने फोन ठेवल्यावर नक्की कपाळ पुसलं असणार.

चुलीशी गेर्लिंडे उभी होती. गेर्लिंडे म्हणजे ओटिलीची नणंद, किलियानची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. भावाच्या बोटीवर स्वयंपाकाला म्हणून आली आणि भाऊ गेल्यावरही राहिली. अंगाने भरलेली, मनाने लोणी. दोघी मिळून ‘वालबुर्गा’ ही मालबोट चालवायच्या. गहू, खडी, मोहरीचं बी, मिळेल ते वाहायच्या. नाताळच्या आधी होल्डरनाखच्या दगडी धक्क्याला येऊन बांधून घ्यायच्या ते थेट थंडी सरेपर्यंत.

“कोण येतंय गं?” गेर्लिंडेने विचारलं.

“एवाल्ड.”

गेर्लिंडेच्या हातातलं झाकण खाली पडलं. तिने ते उचललं नाही.

ओटिलीचा जन्म असल्याच एका मालबोटीवरचा. चालायला लागली त्या दिवसापासून तिच्या कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक डेकवरच्या कडीला. नदीवरची सगळी पोरं अशीच वाढतात. दोर कठड्यापेक्षा वीतभर आखूड ठेवायचा, हीच तिथल्या आईची माया. शाळेचं वय झालं तसा दोर सुटला आणि पोरीला वुर्झबुर्गला, तांडेलांच्या मुलांसाठी सिस्टर लोक चालवायच्या त्या वसतिगृहात नेऊन टाकलं. आईबाप पाण्यावर, मुलं जमिनीवर. कुणाची बोट गावावरून जाणार असली की ते पोर पुलावर जाऊन उभं राहायचं, खालून आई हात हलवत जायची. झाली भेट.

किलियान हूफनागेल तिथलाच आणि एवाल्ड ब्राइटनबाखही तिथलाच. एवाल्डचा बाप दारूत बुडाला आणि बोट बापाच्या मागोमाग गेली, त्यामुळे पुलावरून हात हलवायला एवाल्डला कुणी नव्हतं. सुट्टी लागली की तो ओटिलीच्या बोटीवर यायचा. तिच्या आईच्या हातचं सूप दोन-दोन वाडगे प्यायचा, तिच्या भावाच्या जुन्या विजारी घालायचा, आणि झोपेत रडला तर तिची आईच उठून त्याला थोपटायची. पुढे किलियानने ओटिलीशी लग्न केलं आणि एवाल्डने एका खानावळवाल्याच्या एकुलत्या एका मुलीशी. सासऱ्याने पांढरी बोट घेऊन दिली. मग दुसरी घेतली. मग पांढरा कोट, सोनेरी बटणं, आणि पाहुण्यांना सांगायला एक गोष्ट, की आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या द्राक्षमळेवाल्यांचं. वर जावं माणसाने, त्यात वावगं काही नाही. ओटिलीला त्याचा कधी मत्सर वाटला नाही. ती उलट हसायची. “द्राक्षमळेवाला!” ती किलियानला म्हणायची. “याच्या बापाने द्राक्षं पाहिली ती फक्त बाटलीत.”

किलियान हसायचा नाही. शीळ घालायचा. तो बोलायचा कमी, शीळ जास्त घालायचा, आणि शिळेवरून ओटिलीला कळायचं की धुकं किती आहे, इंजिन कसं चालतंय, आणि स्वारी रागावलीय की काय.

अकरा वर्षांपूर्वी, असाच नाताळाच्या आधीचा आठवडा होता, असंच पाणी चढलेलं. वरच्या अंगाच्या एका गावात धक्क्याला ग्लोरिया होती आणि तिच्या बाहेरच्या अंगाला वालबुर्गा. सकाळी ओटिली उठली तर शीळ नाही. किलियान अंथरुणातच गेला होता, कुणाला न उठवता, त्याच्या स्वभावाप्रमाणे.

आता नदीची रीत अशी. बोटी एकीला एक लावून बांधतात तेव्हा बाहेरच्या माणसाला जमिनीवर जायचं तर आतल्या बोटीच्या डेकवरून जावं लागतं. बाहेरच्या बोटीचा तांडेल कठड्याशी येतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि विचारतो, “वाट आहे का?” आतला म्हणतो, “वाट आहे.” संपलं. भांडण असो, वैर असो, बायको पळवलेली असो, वाट असतेच. दुसऱ्याच्या डेकवर न विचारता पाय ठेवायचा नाही आणि विचारलं तर नाही म्हणायचं नाही. आणि मेलेल्या माणसाला तर मध्ये जितक्या बोटी असतील तितक्यांचे झेंडे उतरतात, आणि शेजारच्या बोटीचा तांडेल स्वतः पेटीला पुढचा खांदा देतो.

ओटिली कठड्याशी गेली. एवाल्ड आला, पांढऱ्या कोटात. तिने विचारलं. त्याने आधी मान खाली घातली, मग मागे वळून जेवणघराच्या काचांकडे पाहिलं, मग म्हणाला, “माणसांना वाट आहे, ओटिली. तू ये, गेर्लिंडे येऊ दे, डॉक्टर येऊ दे. पेटीला नको. लोक सणाला आलेत गं. आत बदक वाढलंय. शवपेटी कशी नेऊ त्यांच्यासमोरून? समजून घे.”

ओटिलीने समजून घेतलं नाही, पण करणार काय? धक्क्यावर खडी उतरवायची क्रेन होती. क्रेनवाल्याने किलियानची पेटी भंगाराचे गठ्ठे बांधतात त्या पट्ट्यात अडकवली आणि उचलली. पेटी ग्लोरियाच्या बरोब्बर वरून गेली, हवेत सावकाश गिरक्या घेत. वरचा हार घसरून नदीत पडला. आणि ज्यांना ती दिसू नये म्हणून हा सगळा खटाटोप, ते पाहुणे बदक सोडून वरच्या डेकवर आले आणि त्यांनी माना वर करकरून फोटो काढले. डेकवरून नेली असती तर इतकी कुणाला दिसलीही नसती. क्रेनवाल्याने तेवढी टोपी काढली होती.

संध्याकाळी एवाल्डने मसाल्याच्या केकचा डबा पाठवला, झाकणावर ग्लोरियाचं चित्र असलेला. ओटिलीने तो डब्यासकट चुलीत घातला. पत्रा जळत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी घातला.

तर आता ही ग्लोरिया, पूर्वीपेक्षा जाडी, कडेने दिव्यांच्या माळा, दोन छोट्या ओढबोटींच्या आधाराने गुरगुरत आली आणि वालबुर्गाच्या अंगाला टेकली. दोर आले. ओटिलीने ते स्वतः घेतले, स्वतः खुंट्याला आवळले. सत्तरीची बाई, पण गाठ अशी मारली की बांधणाऱ्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

थोड्या वेळाने वरच्या कठड्यावरून एक उंच, गुलाबी गालांचा हॉलंडचा माणूस वाकला. पाहुण्यांना हिंडवायचं काम याचं. नाव यूप.

“नमस्कार बाई! आमचे पाहुणे तुमच्या बोटीवरून नेतो हं आता.”

“टोपी,” ओटिली म्हणाली.

“काय?”

“डोक्यावर आहे ती. काढ. आणि नेतो म्हणू नकोस, विचार.”

यूपने गोंधळून टोपी काढली. “नेऊ का?”

“‘वाट आहे का’, असं विचारायचं.”

“वाट आहे का?”

“वाट आहे,” ओटिली म्हणाली. “बघ, काही दुखलं का?”

आणि खरंच, तिने वाट अशी करून दिली की बघत राहावं. फळीवर राख टाकली, दोन्ही बाजूंना हाताला धरायला दोर ताणला, कंदील लावले. पाहुणे येऊ लागले. जाड कोट, पांढऱ्या टोप्या, गुडघे दुखणारी, हौशी माणसं. गेर्लिंडे एकेकाचा हात धरून खाली उतरवून घेत होती. डेकवर ओटिलीची जुनी मोटार उभी होती, सगळ्या मालबोटींवर असते तशी. पाहुण्यांना तिचंच अप्रूप. एका अमेरिकन बाईने मोटारीचा, मग वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा आणि मग ओटिलीचा फोटो काढला आणि यूपला विचारलं, की हे सहलीतच धरलेलं आहे का?

“काय म्हणते ती?” ओटिलीने विचारलं.

“तुम्ही फार छान दिसता म्हणते.”

“खोटं बोलू नकोस. नाक हललं तुझं.”

एका आजोबांनी तिच्या तळहातावर नाणं ठेवलं. तिने ते त्यांच्याच खिशात परत घातलं आणि खिसा थोपटला. वर चौकात भाजलेल्या बदामांचा वास सुटला होता, सॉसेजच्या दुकानाशी हिवाळ्यासाठी थांबलेले म्हातारे तांडेल गरम वाईनचे पेले धरून उभे होते, आणि त्यांचं बाजाराकडे लक्ष नव्हतं. ते खाली धक्क्याकडे बघत होते. हार्बरमास्तरच्या पोटात काही राहत नसे.

पाहुणे संपले. मग तो आला.

एवाल्ड म्हातारा झाला होता. पांढरा कोट नव्हता. हिरवट लोकरी कोट, शिंगाची बटणं, गळ्यात नातीने विणलेला असावा असा वाकडातिकडा मफलर. तो कठड्याशी थांबला. यूप त्याच्यामागे घड्याळ बघत उभा.

एवाल्डने टोपी काढली. “ओटिली.”

“बोल.”

“बरी आहेस?”

“जिवंत आहे. तू बोल, काय पाहिजे?”

“वाट आहे का?”

ओटिलीने हात पुसले. या शब्दासाठी ती अकरा वर्षं थांबली होती, आणि घाई करून तो वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

“माणसांना वाट आहे, एवाल्ड,” ती म्हणाली. “तुला नाही.”

वर सॉसेजच्या दुकानाशी कुणाचा तरी पेला फळीवर आदळला. गेर्लिंडे म्हणाली, “ओटी...”

“तू गप्प.”

“नात आहे माझी वर,” एवाल्ड म्हणाला. “फ्रान्सी. आज तिचं...”

“माहीत आहे मला. सगळ्या गावाला माहीत आहे. सोन्याचा मुकुट, सोन्याचे पंख. छान दिसत असेल.”

“मी हार्बरमास्तरला सांगेन.”

“सांग. म्हणावं, म्हातारी वाट देत नाही. तो विचारील, का देत नाही? मग तेही सांग. मोठ्याने सांग म्हणजे वरच्यांनाही ऐकू जाईल.”

यूपचा धीर सुटला. “साहेब, चला तुम्ही सरळ. ती काय करणार आहे? म्हातारी बाई!”

“बरोबर बोलतोय पोरगा,” ओटिली म्हणाली. तिने बाजूला टेकवलेली दोर ओढायची लांब आकडी डेकवर आडवी ठेवली, फळीपासून चार पावलं मागे झाली आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. “मी अडवत नाही. ये की. फळी आहे, दिवा आहे, राखही टाकलीय. नुसतं माझ्या तोंडून ‘आहे’ तेवढं येणार नाही.”

एवाल्डने पाय उचलला. कठड्याच्या बाहेर, वालबुर्गाच्या पायरीच्या वर, त्याचा काळा बूट हवेत होता. वरून म्हातारे बघत होते. यूपला वाटलं, आता गेलाच. पण तो बूट काही टेकेना. द्राक्षमळेवाला म्हणा, पांढरा कोट म्हणा, सगळं वरवरचं. आत तांडेलाचंच हाड होतं. न विचारता घरात शिरेल एक वेळ माणूस, न विचारता डेकवर? एवाल्डचा पाय सावकाश पुन्हा ग्लोरियावर आला.

“तू जा,” तो यूपला म्हणाला. “पाहुण्यांकडे बघ.”

“पण साहेब...”

“जा म्हटलं ना!”

यूप गेला, टोपी काढून, विचारून. शिकला होता.

गेर्लिंडे मात्र जागची हलेना. तिने कंबरेवर हात ठेवले. “मी देते वाट. मीही या बोटीची आहे.”

“देऊन बघ.”

“माझा भाऊ होता तो. तुझा नवरा नंतर झाला.”

“आणि क्रेनखाली कोण उभं होतं? तू तोंड झाकून कोठीत बसली होतीस. मी उभी होते. हार पडला तेव्हा मी पाहिला.” मग ओटिलीने आवाज उतरवला. “तुला वर गायचंय ना? तुझी मंडळी थांबलीत. जा.”

“मी गेले तर तू त्याला सोडणार नाहीस.”

“आणि तू राहिलीस तर सोडशील. म्हणून तर जा म्हणते.”

चर्चच्या गायनमंडळात खालच्या आवाजाच्या बायका दोनच, त्यातली एक गेर्लिंडे. ती चडफडत फळीवरून वर गेली. जाताना मागे वळून एवाल्डला म्हणाली, “मफलर नीट गुंडाळ, मेल्या. छाती उघडी आहे.”

राहिले दोघंच. ओटिली मोटारीच्या टपाला टेकून उभी राहिली, एवाल्ड वर कठड्याला धरून. ग्लोरियावरून नगरभवनाची गच्ची दिसत नाही. मध्ये मिठाच्या जुन्या कोठाराचं छप्पर येतं. ऐकू मात्र सगळं येतं. बँड चालू होता. खरं तर ओटिलीलाही तो बाजार आवडायचा, दरवर्षी ती गच्चीखालीच उभी राहायची. आज तिला जाता येत नव्हतं. ती गेली असती आणि गेर्लिंडे मधेच पळत आली असती तर? गेर्लिंडेचा काय भरवसा!

“बदकाची गोष्ट नव्हती ती,” एवाल्ड एकदम म्हणाला.

ओटिलीने मान वर केली.

“म्हणजे बदकही होतं. पण ते नव्हतं. पेटी माझ्या डेकवरून गेली असती तर पुढचा खांदा मला द्यावा लागला असता. त्या कोटात. सगळे काचेतून बघत असते. कुणीतरी विचारलं असतं, हा कोण लागतो तुमचा? आणि मला सांगावं लागलं असतं.”

“काय सांगावं लागलं असतं?”

“की ह्याच्यासोबत पुलावर उभा राहून मी दुसऱ्यांच्या आयांना हात हलवायचो.”

बँडवाल्यांनी मध्येच थांबून पुन्हा सुरुवात केली. ओटिलीच्या डोक्यात अकरा वर्षं एक बदक बसलं होतं. चांदीच्या ताटातलं, तपकिरी, तेल सुटलेलं. त्या बदकासाठी किलियान हवेत लोंबला, हे तिने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की बदकाचा वास आला तरी ती नाक दाबून पलीकडे जायची. आणि आता हा सांगतोय की बदक नव्हतंच. याला लाज वाटली होती. किलियानची. तिच्या आईच्या सुपाची.

“हे जास्त वाईट आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग सांगितलंस कशाला? बदकावर भागत होतं की माझं.”

“वाटलं, खरं सांगितलं तर...”

“तर मी विरघळेन? मी गेर्लिंडे नाही.”

एवाल्डने टोपी पुन्हा काढली. थंडीने त्याचं टक्कल लाल झालं होतं. “मी पाया पडतो म्हणालो तरी?”

“गुडघे दुखतील. उठवायला मी येणार नाही.”

“वाट आहे का, ओटिली?”

“नाही.”

तेवढ्यात चर्चच्या मनोऱ्यावरून तुताऱ्या वाजल्या आणि चौक गप्प झाला. मग ती मुलगी बोलायला लागली. आवाज कोवळा होता पण भित्रा नव्हता. गावच्या म्हाताऱ्यांना, पोरांना, पाण्यावरच्या माणसांना आणि वाटेवरच्या माणसांना ती बोलावत होती, दिवे लागलेत, या, म्हणून. दरवर्षीचेच शब्द. एवाल्ड कोठाराच्या छपराकडे तोंड करून ताठ उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. पाठ होतं त्याला सगळं. कित्येक संध्याकाळी फोनवर त्यानेच म्हणून घेतलं असणार.

मध्यावर मुलगी अडखळली.

एवाल्ड पुढचा शब्द अंधारात बोलला, एकदा, मग मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. इथून तिथवर काय जाणार? मधे नदीचा घरघराट. त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला, एक पाय उचलला, आणि ओटिलीकडे पाहिलं. ओटिलीने खिशातले हात बाहेर काढले नाहीत.

मुलीला शब्द सापडला. तिने शेवटपर्यंत म्हटलं. टाळ्या झाल्या, घंटा वाजल्या, गेर्लिंडेच्या मंडळाने गाणं धरलं आणि दुकानांचे दिवे एकदम लागले. मिठाच्या कोठाराचं छप्परसुद्धा सोनेरी झालं.

एवाल्डने टोपी घातली. त्याला नीट घालता येईना.

“आता आहे,” ओटिली म्हणाली.

“काय?”

“वाट. विचारलं होतंस ना? आता आहे.”

“आता काय उपयोग तिचा?”

“तो तुझा प्रश्न. मी नाही म्हटलं, असं नको व्हायला. नदीची रीत आहे.”

तो उतरला. म्हातारा माणूस, पायऱ्या ओल्या. तिने कंदील धरला, हात दिला नाही. तो डेक ओलांडून फळीवर चढला. वरच्या तांडेलांनी त्याला जागा करून दिली, पण कुणी पेला पुढे केला नाही. तितक्यात गर्दीतून ती मुलगी धावत आली, सोनेरी झगा दोन्ही हातांनी वर धरून, मुकुट एका कानावर, खाली शाळेचे बूट.

“आजोबा! कुठे होतात? मी सारखी खाली शोधत होते. त्यातच चुकले मी!”

हे ओटिलीने धरलं नव्हतं. त्याच्या मागोमाग धक्क्यावर आलेली ती कंदील हातात घेऊन पोरीचा तो रडका चेहरा बघत राहिली. तिला वाईट वाटलं का? वाटलं. तरी मगाचं काही परत घ्यावं असं वाटलं नाही.

“वाट नव्हती, फ्रान्सी,” एवाल्ड म्हणाला.

मुलगी बोटवाल्यांच्याच घरची. तिला अर्थ लागला. ती ओटिलीकडे वळली. “तुम्ही दिली नाहीत?”

“नाही दिली.”

“असं कुणी करतं का? का पण?”

ओटिलीकडे याचं उत्तर तयार होतं. पट्ट्यापासून हारापर्यंत, एकेक वाक्य घासून पुसून ठेवलेलं. तिने एवाल्डकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते, दात काढून घ्यायला बसावं तसे.

“मी सांगितलं तर तू म्हणशील, म्हातारी खार खाऊन बोलतेय,” ती म्हणाली. “आणि खाऊनच आहे. तेव्हा तू यांच्या तोंडून ऐक. किलियान हूफनागेल कोण होता, विचार यांना. पुलापासून सुरुवात करायची म्हणावं. आणि रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला ये. मी विचारीन तुला, काय काय सांगितलं ते. त्यांनी काही गाळलं असेल तर मला कळेल.”

“ओटिली, पोर आहे ती,” एवाल्ड म्हणाला.

“मोठी आहे. सगळ्या गावासमोर बोलली आत्ता. आणि हे बघ, रात्री परत जाताना धक्क्यावर उभा राहून विचारायचं. उद्या उतरताना विचारायचं, चढताना विचारायचं. तुझ्या पाहुण्यांना एकदाच पुरे. तुला रोज. नदी उघडेपर्यंत.”

“आणि तू रोज देशील?”

“विचारून तर बघ.”

फ्रान्सीने आजोबांचा हात धरला होता तो सोडला नाही, पण त्यांच्याकडे बघण्याची तिची नजर बदलली होती. दोघं चौकाकडे गेली. ती काहीतरी विचारत होती, आणि तो चालता चालता थांबत होता.

गेर्लिंडे बऱ्याच वेळाने आली, गाऊन लाल झालेली, हातात कागदात गुंडाळलेली सॉसेज.

“दिलीस?”

“दिली.”

“कधी?”

“तिचं बोलणं संपल्यावर.”

गेर्लिंडे फळीवरच थांबली. “दुष्ट आहेस तू, ओटी. किलियानने असं केलं नसतं.”

“नसतंच केलं. म्हणून त्याला क्रेनने उतरवला.”

गेर्लिंडेने सॉसेज मोटारीच्या टपावर ठेवली आणि कागद उलगडला. ओटिली कंदील घेऊन बोटीच्या नाकाशी गेली, जिथून धक्क्याच्या दगडावर रंगवलेली पाण्याची मापं दिसतात. आयुष्यभर या मापांकडे तिने एकाच आशेने पाहिलं होतं, की उतरू दे बाई एकदाचं, निघू दे. तिने वाकून कंदील खाली धरला. दुसरी खूण दिसेनाशी झाली होती आणि तिच्यावरचा दगडही हातभर ओला होता.

“चढतंय अजून,” ती परत येत म्हणाली. “चार दिवस तरी नदी उघडत नाही. मोहरीची चटणी आणलीस की विसरलीस?”